वरून पडणारी धार

आधी एक सांगून टाकतो. ललित लेख कसा लिहितात ते मला नीट माहीत नाही. आमच्या घरात पेन धरणारा मी पहिला, आणि तो पेनही आजवर उत्तरपत्रिकेपलीकडे फारसा चाललेला नाही. त्यात विषय ध्यानाचा. ज्यांनी आयुष्यभर बसून ध्यान केलं त्यांनी त्यावर लिहावं, नाहीतर ज्यांनी मोठमोठे ग्रंथ वाचले त्यांनी. मी दोन्ही केलेलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम पाहणाऱ्या मित्राला मी बरेच दिवस नाही नाही म्हणत राहिलो. तेव्हा वाचणाऱ्यांनी मला माफ करावं. माफी मागून झाली. आता लिहितो, कारण मी लिहिलं नाही तर उद्या दुसरं कुणीतरी हे लिहील, आणि त्यात माझ्या मायला योगिनी करून टाकेल.

कॉलेजच्या मागच्या कडुलिंबांना पुन्हा मोहोर आलाय. वेळापत्रक लागलं की हा वास येतोच. गोडसर, आणि मागून थोडा कडू. बारीक पांढरी फुलं पुस्तकाच्या पानांत पडतात, कॉलरच्या आत जातात. नांदेडला आल्यापासून माझ्यासाठी परीक्षेचा वास म्हणजे हाच. आणि दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या त्या दिवसांचाही हाच.

त्या वर्षी आमचं गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. गाव जागचं हललं नाही, पण आदल्या वर्षापर्यंत जिल्ह्याचं ठिकाण उस्मानाबाद होतं, ते लातूर झालं. पंचायतीपुढे हलगी वाजली, पेढे वाटले. जिल्हा जवळ आला, आता सगळंच जवळ येणार, असं भाषणात सांगितलं गेलं. पाऊस मात्र त्या साली लांबच राहिला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच वाळली. माघ सरता सरता गावात टँकर यायला लागला आणि त्याच्या पाठीवर नव्या जिल्ह्याचं नाव ताज्या पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. रंग इतका ताजा की उन्हात चकाकायचा. माय म्हणाली, "नाव तर लई चांगलं काढलं. आता आत काय हाय ते बघू."

टँकर गावातल्या आडात रिकामा व्हायचा. आमच्या वस्तीवर हातपंप होता, पण त्याचा दांडा खालीवर केला की तो म्हाताऱ्यासारखा नुसता खोकायचा. म्हणून वस्तीतल्या बायका गावातल्या आडावर जायच्या. आडावर म्हणजे आडाजवळ. हा फरक आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगतो. गावातल्या बायका कठड्यापाशी उभ्या राहून पोहरा सोडायच्या, पाणी शेंदायच्या. आमच्या बायका खाली, दगडांच्या रांगेपाशी घागरी घेऊन बसायच्या. वरच्या आळीतली कौसाबाई चांगल्या मनाची. ती आपल्या घागरी भरून झाल्या की आमच्यासाठी शेंदायची, आणि पोहरा खांद्याएवढा वर धरून मायच्या घागरीत धार सोडायची. वर का, तर पोहऱ्याचा काठ घागरीला लागू नये. शेतात खुरपताना याच दोघी एका पातीला बसायच्या, एकमेकींच्या सासरची उणीदुणी काढून पोट धरून हसायच्या. आडावर आलं की मधे हात दीड हाताची धार.

मी लहान होतो तेव्हाच्या मोठ्या दुष्काळातही मी ती धार पाहिली होती. शाळेत सुकडी मिळायची, घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी असायची, आणि आडावर ही धार. माय मान वर करून धारेकडे बघत घागर धरायची. वारा आला की धार हलायची, मग घागरही तेवढीच हलायची. थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. कौसाबाई वरून चेष्टा करायची, "धुरपता, पापणी हलवू नको, न्हाईतर घागर राहील बाजूला अन् तूच भिजशील." माय हसायची, पण पापणी हलवायची नाही.

आता कॉलेजकडे येतो. दुसऱ्या वर्षाला मी तत्त्वज्ञान घेतलं. का घेतलं ते विचारू नका, वर्गात पोरं कमी होती आणि मला मागच्या बाकावर बसायचा कंटाळा आला होता. शिकवणारे सर फार तळमळीचे. सडपातळ, पांढरी सुती पँट, आवाज कधी चढायचा नाही. योगदर्शन ते नुसतं शिकवायचे नाहीत, जगायचे. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत पहाट सरल्यावर त्यांनी ध्यानाचा वर्ग सुरू केला. फी नाही, सक्ती नाही. सतरंजी अंथरायची, पाठ ताठ, डोळे मिटायचे. अट एकच. आंघोळ करून यायचं.

ही अट त्यांनी मनाने काढलेली नव्हती. योगाची आठ अंगं. आधी यम, मग नियम, आसन, प्राणायाम, मन आत वळवणं, ते एका ठिकाणी टेकवणं, मग ध्यान, आणि शेवटी समाधी. ध्यान सातवं. आणि नियमांतला पहिला नियम शौच, म्हणजे शुद्धी. सर म्हणायचे, खालची पायरी गाळून सातवीवर उडी मारणारा तोंडावर आपटतो. शौच पुरतं अंगी बाणलं की साधकाला स्वतःच्या देहाची शिसारी येते आणि दुसऱ्यांचा संसर्ग नकोसा होतो, असंही त्यांनी एका तासाला समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, जसं व्याकरण सांगावं तसं. मी ते वहीत उतरवून घेतलं. उतरवताना मनात आलं, दुसऱ्याचा संसर्ग नकोसा व्हायला आमच्या गावात तर कुणाला साधना करावी लागली नाही. हात वर करून हे बोलावं असं वाटलं. बोललो नाही. तेव्हा मला वर्गात बोलायला घाम फुटायचा.

वसतिगृहात त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती. नळ आला तर आला. प्रत्येकाला एक बादली, तीच पिण्याची, तीच तोंड धुण्याची. दोन-तीन पोरं सायकलवर गोदावरीच्या डोहावर जाऊन अंग बुचकळून यायची आणि ओले केस दाखवत वर्गाला बसायची. मीही जाऊ शकलो असतो. पहिले काही दिवस गेलो नाही ते खरंच सायकल नव्हती म्हणून. नंतर कंधारचा माझा खोलीसोबती म्हणाला, माझी सायकल ने. तरी गेलो नाही. तोवर प्रश्न पाण्याचा उरला नव्हता. अट आहे म्हणूनच जायचं नाही, असं आतून काहीतरी घट्ट होऊन बसलं होतं.

मग मी काय करायचो, तर ओल्या फडक्याने तोंड, मान, हात पुसायचो आणि वर्गाच्या बाहेर वऱ्हांड्यात बसायचो. सरांचा आवाज खिडकीतून यायचा. डोळे मिटायचो. खरं सांगतो, तिथं माझं मन कधी कधी छान लागायचं. चिमण्यांचा आवाज, लांबून येणारी सिटी बस, फरशीचा गारवा, आणि मग यातलं काहीच नाही. असे थोडेसे क्षण. सर बाहेर आले की माझ्याकडे बघून मान हलवायचे. कौतुकाने. बाहेर बसतो पण नियम मोडत नाही, असा मुलगा. मलाही त्याचं बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचा मागाहून राग यायचा.

एकदा सरांनी धारणा आणि ध्यान यातला फरक सांगितला. धारणा म्हणजे थेंब थेंब पडणारं पाणी. मन टेकतं, सुटतं, पुन्हा टेकतं. ध्यान म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलेल्या तेलाची धार. अखंड, आवाज नसलेली. सगळ्या वर्गाने तेल पाहिलं असेल. मला आड दिसला. वर धरलेला पोहरा दिसला, मधली दीड हात हवा दिसली, आणि खाली न हलणारी पापणी.

या वेळी मी हात वर केला. कसंबसं ते सगळं सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. ते वर्गाला म्हणाले, "बघा, याची आई निरक्षर आहे, पण ती ध्यानमार्गातच आहे. शास्त्र तिच्या घागरीत आहे." पोरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली बसलो आणि मला अंगावर काही सांडल्यासारखं वाटलं.

कारण ते ध्यान नव्हतं. हे मला आज लिहून ठेवायचं आहे. ध्यान माणूस आपण होऊन करतो. उठावंसं वाटलं तर उठतो. माझी माय धारेकडे बघत होती कारण सांडलेलं पाणी पुन्हा मिळणार नव्हतं आणि तिला स्वतः पोहरा सोडायची मुभा नव्हती. त्या नजरेला एकाग्रता म्हणा, माझी हरकत नाही. पण तिला साधना म्हणून ओवाळाल तर ती धार मग कायमच वरून पडत राहील. आम्हाला ध्यानाचा अधिकार नाही असं म्हणणारा आणि तुम्ही तर जन्मजात ध्यानस्थ असं म्हणणारा, दोघेही आम्हाला आहोत तिथंच ठेवतात. सरांचं मन स्वच्छ होतं, म्हणून हे जास्त अवघड होतं.

आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. आजोबांनी छप्पन साली देव उतरवले आणि नंतर कधीतरी नांदेडहून ही तसबीर आणली, असं बा सांगतो. मिटलेले डोळे, मांडीवर हात. लहानपणी मला वाटायचं त्याला झोप लागलीय. बा म्हणायचा, "झोपला न्हाई त्यो. बघून राहिलाय." मिटल्या डोळ्यांनी काय बघतो, हे बाला सांगता यायचं नाही. बा त्या वर्षी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता. पौर्णिमेला सगळी वस्ती समाजमंदिरात वंदना म्हणायची. ध्यान मात्र कुणी करत नव्हतं. ध्यान आमच्याकडे तसबिरीतून आलं आणि तसबिरीतच राहिलं. तिथून ते खाली उतरवावं असं मला वाटत होतं, एवढंच. त्यासाठी सातवी पायरी लागते की पहिली, याचा हिशोब मी मांडला नव्हता.

होळीला घरी गेलो. माय चुलीपुढे होती. तिला कॉलेजच्या गमती सांगता सांगता ध्यानवर्गाचंही सांगितलं, अटीचं सांगितलं, आणि आपण कसे शहाण्यासारखे बाहेर बसतो तेही. मला वाटलं ती हसेल. तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या.

"बाहेरच बसतोस?"

"हाव."

"बाहेर तर आपण जल्मापासून बसून राहिलो, बाबा," ती म्हणाली. "त्याला कालेज कशाला पायजे?"

एवढंच. मग भाकरी ताटात टाकली आणि परीक्षा कधी ते विचारलं. निघताना बसपर्यंत आली. म्हणाली, काही झालं तरी पेपर सोडून गावाकडं यायचं नाही. कुणी मेलं तरी न्हाई. मी म्हटलं, असं अभद्र कशाला बोलतेस. तर म्हणाली, "बोलून ठेवलेलं बरं असतंय."

परत आल्यावर दुसऱ्या सकाळी मी आंघोळ न करता आत गेलो. पुढच्या सतरंजीवर बसलो. ओल्या केसांची पोरं सरकली नाहीत, हेही सांगायला हवं. कंधारचा तर उलट जवळ आला. सर आले. माझ्या कोरड्या केसांकडे बघितलं.

"आज नदीवर गेला होतास?"

"नाही सर."

"मग बाहेर बस."

"मी इथं बसतो सर."

मी डोळे मिटून घेतले, त्यात धीर कमी आणि भीती जास्त होती. सर किती वेळ उभे होते कोण जाणे. मग त्यांचा श्वास ऐकू आला, सतरंजी सरकल्याचा आवाज आला, आणि त्यांनी रोजच्या आवाजात सुरुवात केली. त्या दिवशी माझं मन क्षणभरही लागलं नाही. सगळं चित्त सरांच्या पावलांवर होतं. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"आत बसलास. ध्यान झालं का?"

"नाही सर."

"मग मिळवलंस काय?"

"जागा," मी म्हणालो.

त्यांनी अट मागे घेतली नाही, तसं कधी जाहीर केलं नाही. फक्त विचारणं सोडलं. हळूहळू आणखी दोघं-तिघं कोरड्या केसांनी यायला लागले. मला आजही वाटतं, सर मनातून दुखावले होते. मला त्याचं वाईट वाटतं. पण मी पुन्हा बाहेर बसलो नाही, आणि गावाकडे जाणाऱ्या एकाजवळ मायला तसा निरोपही धाडला.

पेपर सुरू झाले. तत्त्वज्ञानाचा पेपर होता त्या सकाळी माझा कंधारचा सोबती गावाहून पहिल्या बसने आला. बॅग खाली न ठेवताच म्हणाला, काल बाजारात ऐकलं, तुमच्या गावात आडावर मोठं भांडण झालं. तुमच्या वस्तीतल्या एका बाईला आडात ढकललं म्हणतेत. कोण बाई, ते त्याला माहीत नव्हतं. सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बाजारात ऐकलेलं बाजारातच विरून जातं, मनावर घेऊ नको, असं तो म्हणत राहिला.

मी स्टँडच्या दिशेने निघालो. चौकात आलो, आमच्या गावावरून जाणारी अहमदपूरची गाडी समोर उभी होती, कंडक्टर दार आपटून हाका देत होता. तिथं मला मायचं ते बोलणं आठवलं. ती होळीलाच हे का बोलून ठेवत होती, असं मनात आलं. गाडी गेली. मी मागे वळलो. यात शहाणपणा होता की आज्ञा पाळायची सवय, मला ठरवता आलेलं नाही.

प्रश्नपत्रिकेत दुसराच प्रश्न होता: योगदर्शनातील ध्यानाचे स्थान स्पष्ट करा. मी त्याकडे बघत बसलो. अक्षरं टेकायची, सुटायची. आडाचं पाणी किती खोल असेल, टँकर आदल्या दिवशी आला असेल का, आला असेल तर बाई तरली असेल. सर पर्यवेक्षक होते. माझ्या बाकापाशी थांबले, हळू आवाजात विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, गावाकडची बातमी आहे, नीट कळत नाही. "लिहून घे," म्हणाले. "मग लगेच जा."

मी लिहिलं. वर्गात शिकवलं तेच आधी लिहिलं, मार्क जायला नकोत म्हणून. मग लिहिलं की आठांना पायऱ्या म्हणणं मला पटत नाही, अंगं म्हटलंय तर अंगंच धरावी. मूल जन्मतं तेव्हा आधी पाय आणि काही वर्षांनी हात, असं येत नाही. सगळी अंगं एकदम येतात, इवलीशी, कच्ची, आणि मग एकमेकांच्या आधाराने वाढतात. ज्याला पाणी मिळत नाही त्याने शौच पुरं होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तो मरेपर्यंत दारातच उभा राहील. त्याने आधी बसावं. बसून जे दिसेल त्याच्या बळावर पाणी मिळवावं. शुद्धी मागून येईल. हात इतका जोरात चालत होता की खालच्या पानावर अक्षरं उमटली.

बाहेर आलो तर कडुलिंबाखाली जळबाकाका बसलेले. आमच्या शेजारचे, बाचे चुलतभाऊ. धोतर धुळीने माखलेलं, पटका मांडीवर. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी आधी विचारलं, पेपर सोपा गेला का. मग म्हणाले, "पानी मिळंल का रं इथं?"

वऱ्हांड्यात माठ होता. मी पेला भरून आणला. काकांनी सवयीने दोन्ही हातांची ओंजळ तोंडापाशी धरली. मी पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काठाला तोंड लावून प्याले.

"काका, माय..."

"हाय. धडधाकट हाय," ते म्हणाले. "आडात पडली ती बाई न्हाई, पोहरा व्हता. वढावढीत दोर सुटला."

मग ते सांगू लागले. टँकर येऊन गेला होता. बायका नेहमीसारख्या खाली बसल्या होत्या. माय उठली, घरचा पोहरा आणि दोर घेऊनच आली होती, सरळ वर गेली आणि आडात पोहरा सोडला. आरडाओरडा झाला, कुणीतरी दोर ओढला, पोहरा गेला. मायने वस्तीतल्या दुसरीचा मागून घेतला आणि पुन्हा सोडला. घागर भरली, आणि भरलेली घागर मांडीवर घेऊन तिथंच कठड्यावर बसली. वस्तीतल्या बाकीच्या एकेक करत वर गेल्या, तिच्या शेजारी बसल्या. बापे आले, पाणी बाटलं म्हणाले, टँकर बंद पाडू म्हणाले. माय म्हणाली, बाटलं असंल तर तुमी पिऊ नका, आमी पितो. यावर कुणालातरी हसू आलं, आणि मग चिडलेल्यांना जास्तच चिडायला झालं. ऊन डोक्यावर आलं तरी बायका उठल्या नाहीत.

"अन् कौसाबाई?" मी विचारलं.

"ती बघत हुबी व्हती. लई येळ. मग घरचं लेकरू पानी पानी करत आलं तिचं." काकांनी पेला खाली ठेवला. "सोडला मग तिनं बी पोहरा. त्याच पान्यात. तुझ्या मायच्या खांद्याला खांदा लागला तरी सरकली न्हाई. ती शेंदली म्हणल्यावर बाकीच्या बी शेंदू लागल्या. आज सकाळी बी दोघी वरच व्हत्या."

कडुलिंबाची फुलं त्यांच्या पटक्यावर पडत होती. त्यांनी ती झटकली, पटका डोक्याला गुंडाळला. मी म्हटलं, चला, मी पण येतो, पुढची गाडी असेल.

"यायचं न्हाई म्हणलीय ती," काका म्हणाले. "पेपर दे म्हणलीय. अन् एक सांगाय लावलंय. मला काय त्याचा अर्थ लागला न्हाई, तू बघ. त्याला म्हणावं, मी बी आता बाहेर बसत न्हाई."